यूनबाईंचं अखंड शेवाळ

इंग्लंडात रीडिंगला आम्ही सेमी-डिटॅच्ड घर भाड्याने घेतलं तेव्हा मला थंडीची भीती नव्हती, शेजाऱ्यांची होती. एक भिंत दोन्ही घरांत सामाईक. आज ना उद्या बोलावं लागणारच. मी कराडच्या मराठी शाळेत शिकलेली. इंग्रजीच्या व्याकरणात मला चांगले मार्क पडायचे, पण ते व्याकरण तोंडावाटे बाहेर काढायची वेळ कधी आली नव्हती. शेजारीण गोरी निघाली तर पावसाबद्दल काय काय म्हणायचं, याची चार वाक्यं मी भांडी घासताना पाठ करून ठेवली होती.

निघाली ती कोरियन. आणि तिचं इंग्रजी माझ्याहून वाईट. त्या दिवशी मी देवापुढे साखर ठेवली.

यूनबाई पन्नाशी ओलांडलेल्या, बुटक्या, केस कुरळे करून घेतलेले, अंगात बाराही महिने फुलाफुलांचं बिनबाह्यांचं जाकीट. नवरा पूर्वीच गेलेला. स्टेशनजवळच्या ड्रायक्लीनिंगच्या दुकानात त्या कपडे आखूड-लांब करून द्यायच्या. सकाळच्या लंडनच्या ट्रेनमध्ये उभ्या असलेल्या निम्म्या पँटी यूनबाईंच्या हाताखालून गेलेल्या. यून हे त्यांचं माहेरचं आडनाव. त्यांच्याकडे लग्नानंतर बाई आडनाव बदलत नाही. मला हे इतकं आवडलं की मी उदयना, म्हणजे माझ्या मिस्टरांना, जेवताना सांगितलं. हे म्हणाले, "मग बदल की तूही परत. फक्त पासपोर्ट, व्हिसा, बँक, सगळीकडे तूच जायचं." मी वाढपाला लागले.

आम्हा दोघींचं इंग्रजी जसंच्या तसं लिहिलं तर वाचणाऱ्याला आमची दया येईल, म्हणून सगळं मराठीतच लिहिते. एवढंच सांगते की आम्हाला एकमेकींचं बरोबर कळायचं. उदय दिवसभर ऑफिसात इंग्रजीच बोलतात, पण ते मदतीला मध्ये आले की गोंधळ व्हायचा.

माझं नाव त्यांनी एकदाच विचारलं. 'सुलक्षणा' म्हणायचा दोनदा प्रयत्न केला आणि सोडून दिला. मग मागच्या अंगणात खेळणाऱ्या माझ्या मुलीचं नाव विचारलं.

"वैभवी."

"मग तू वैभवी-ऑम्मा," त्या म्हणाल्या. ऑम्मा म्हणजे आई. त्यांच्याकडे लेकुरवाळीला नावाने हाक मारत नाहीत, मुलाच्या नावाने मारतात. मला एकदम कराडच्या गल्लीत आल्यासारखं झालं. आमच्या समोरच्या घरातल्या 'अमक्याच्या आई'चं खरं नाव मला त्या वारल्यावर पेपरात वाचून कळलं होतं.

यूनबाईंचं घर सूपवर चालायचं. हॉटेलात जेवणाआधी येतं ते सूप नव्हे. आपली आमटी म्हणा. भात आला की 'गुक' पाहिजे, त्याशिवाय घास उतरत नाही. आणि प्रत्येक प्रसंगाचं गुक वेगळं. नव्या वर्षाला तांदळाच्या वड्यांचं, ते प्यायलं की तुम्ही एका वर्षाने मोठे झालात. रात्री कुणी जास्त प्यायलं असेल तर सकाळी मोड आलेल्या सोयाबीनचं. वाढदिवसाला समुद्रातल्या शेवाळाचं, त्याला ते 'मियॉक' म्हणतात. पहिल्यांदा त्यांनी कुंपणावरून पातेली दिली तेव्हा मी हात पुढे करण्याआधी विचारलं, "यात मांस आहे?"

"नाही, नाही. मांस नाही."

"काहीच नाही?"

"काहीच नाही. थोडी मासळी."

"आम्हाला मासळी चालत नाही."

"छोटी मासळी." त्यांनी करंगळीचं अर्धं पेर दाखवलं. "इतकी लहान. भाजीच."

पुढच्या वेळी त्यांनी माझ्यासाठी वाळलेल्या अळिंब्यांच्या पाण्यात शेवाळाचं सूप केलं. बुळबुळीत, हिरवंकाळं, आणि पोटात गेल्यावर इतकं छान की मी दुसऱ्या दिवशी सकाळीही उरलेलं पिऊन ड्रायव्हिंग टेस्टला गेले. नापास झाले. यूनबाईंनी कपाळावर हात मारला. परीक्षेच्या दिवशी शेवाळ? ते घसरडं, खाणारा घसरणारच, त्यांच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. दोष माझा नव्हताच, सूपचा होता. त्यानंतर मी सूप न पिता आणखी दोनदा नापास झाले, ते त्यांना सांगितलं नाही.

एकदा त्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं. वैभवीने आपली भाताची वाटी उजवीकडे ओढली आणि सूपची डावीकडे सारली. यूनबाईंनी दोन्ही परत फिरवल्या. भात डावीकडे, गुक उजवीकडे. उलटं ताट मेलेल्या माणसांना वाढतात. मी वैभवीला डोळे मोठे करून दाखवले. आमच्या ताटातही डावी-उजवी असते, मीठ कुठे नि भाजी कुठे, हे तिला मी कितीदा शिकवलंय, वगैरे यूनबाईंना ऐकवून घेतलं. माझं स्वतःचं ताट तेव्हा कसं होतं ते मी बघितलं नाही.

त्यांना एकुलती एक मुलगी, जियॉन. इथेच जन्मलेली, अकाउंटंट, नवरा इंग्रज. तिला दिवस गेले तेव्हा यूनबाईंनी जाहीर केलं की बाळंतपण आईच्या घरी होणार. मी म्हटलं, आमच्यातही पहिलं माहेरीच. जियॉन म्हणाली, "ऑम्मा, माझा फ्लॅट इथून बसने पाच स्टॉप आहे." पण आली.

तिच्या सातव्या महिन्यातली गोष्ट. यूनबाई माझ्या साडीला फॉल लावत होत्या आणि मी समोर बसून पोहे निवडत होते. त्या सांगत होत्या की त्यांच्यात बाळंतिणीला शेवाळाचं सूपच देतात. दिवसातून चार-पाच वेळा, तीन आठवडे. त्याने रक्त भरून येतं, दूध येतं. आणि पहिली वाटी बाळंतिणीचीसुद्धा नाही. मुलं देणारी एक आजी असते, दिसत नाही, पण असते. तिच्यापुढे भात, सूप आणि पाणी ठेवायचं, मग तेच बाळंतिणीने खायचं.

मी पोह्यांतून मान वर काढली. "ही तर आमची सटवाई. बाळाच्या कपाळावर नशीब लिहून जाते."

"ती काय खाते?"

मला पटकन आठवेना. नैवेद्य असतो, पण त्या वेळी डोक्यात आलं तेच बोलले. "आम्ही तिच्यासाठी कोरा कागद आणि लेखणी ठेवतो."

"उपाशी लिहायला बसवता?" यूनबाई म्हणाल्या.

मग थोड्या वेळाने, सुई चालू ठेवूनच, त्यांनी जियॉनच्या जन्माचं सांगितलं. साल ऐंशी. नवऱ्याला त्याच्या कंपनीने लंडनला पाठवलेलं. आई तिकडे, सासू तिकडे. शेवाळ कुठे मिळतं ते माहीत नाही आणि नवऱ्याला अंडंही उकडता येत नाही. हॉस्पिटलात नर्सने टोस्ट दिला. घरी आल्यावर नवऱ्यानेही टोस्टच दिला, कारण त्याला तेवढाच जमायचा.

"गार टोस्ट," त्या म्हणाल्या. "गार टोस्ट खाऊन मी तिला पाजलं. माझी मुलगी टोस्ट खाणार नाही. ती माझ्या हातचं मियॉक-गुक खाणार."

बाकी कशाचाही हट्ट नसलेली बाई. मुलीने इंग्रज केला तेव्हाही, म्हणे, फक्त "भात खातो का?" एवढंच विचारलं होतं. पण हे सूप त्यांना हवं होतं, आणि ते साधं नव्हे. त्यासाठी खास शेवाळ त्यांची थोरली बहीण कोरियाहून पाठवणार होती. खास म्हणजे काय, हे मी विचारलं नाही. आपल्याकडे बहिणीने पाठवलेलं सगळं खासच असतं.

मे महिन्यात, बाळंतपण तोंडावर आलेलं असताना, पोस्टमन तो खोका माझ्याकडे देऊन गेला, कारण यूनबाई कामावर. खोका माझ्या कमरेपर्यंत उंच. कस्टम्सवाल्यांनी फोडून पुन्हा कशीबशी टेप मारलेली, त्यावर रीडिंगचा पाऊस. मी उचलला तर तळ हातात आला. आतून लांबच लांब, वाळलेलं, काळपट शेवाळ बाहेर आलं, लाल रिबिनीने बांधलेलं, पण सुदैवाने कोरडं.

आता कुठल्याही मराठी बाईपुढे वाळवणातली सुटी वस्तू आणून ठेवा. ती काय करील? डबा शोधील.

माझ्याकडे आइस्क्रीमचे दोन-दोन लिटरचे रिकामे डबे साठलेले होते. चार काढले, धुतले, कोरडे केले. शेवाळ त्यात मावेना. यूनबाई दुकानातून आणतात ते पाकिटातलं शेवाळ बारीक तुकड्यांचं असतं, हे मी पाहिलेलं. बहिणीने घाईत तसंच पाठवलं असेल, बिचाऱ्या दमून येणार आणि मग मोडत बसणार. मी खाली बैठक मारली आणि मोडायला घेतलं. कुरडया मोडाव्यात तसा आवाज येत होता. जाड देठ होते ते गुडघ्यावर ठेवून मोडले. चारही डबे काठोकाठ भरले, वरून चिकटपट्टीवर 'YUN' लिहिलं, रिबीन इस्त्री करून घडी घातली.

त्याच सकाळी मी पूजेच्या अक्षता निवडल्या होत्या. अक्षतांत तुटका दाणा चालत नाही, म्हणून चष्मा लावून एकेक कणी बाजूला काढली होती. ह्याच हातांनी.

संध्याकाळी यूनबाई आल्या. मी डबे एकावर एक रचून ठेवले होते. त्यांनी वरचं झाकण उघडलं, आत पाहिलं, झाकण लावलं. दुसरं उघडलं नाही.

"थँक यू, वैभवी-ऑम्मा," त्या म्हणाल्या. "हे तू ठेव. रोजच्या सूपला." रिबीन तेवढी घेतली आणि गेल्या.

"बघा," मी उदयना म्हटलं, "किती मोठ्या मनाची बाई आहे. मी नीट भरून ठेवलं तर सगळं मलाच देऊन टाकलं."

दुसऱ्या दिवशी कुंपणाशी जियॉन आली. पोटावर हात, चेहऱ्यावर हसू.

"आंटी, तुम्ही माझं बाळंतपण मोडलंत म्हणे."

तिच्याकडून मला ते कळलं. बाळंतिणीचं शेवाळ अखंड असतं. ते मोडायचं नाही, कापायचं नाही, दुमडायचंही नाही. मोडलं तर बाळंतपण अडतं. दुकानात घेताना त्याचा भावसुद्धा करायचा नाही, बाळाचं आयुष्य कमी होतं.

"मी मानत नाही हं," ती म्हणाली. "मला खरं तर टोस्ट आवडतो. पण ऑम्मा काल जेवली नाही. मावशीला फोन केला, आता दुसरं पाठवलं तरी वेळेत पोचणार नाही."

ती मानत नव्हती. पण मी मानते ना. तीच तर पंचाईत. घरात येऊन देव्हाऱ्यापुढे उभी राहिले तर काय मागावं ते सुचेना. गणपतीसमोरच्या वाटीत माझ्या अख्ख्या अक्षता होत्या, त्यांच्याकडे बघवेना. मी तशीच चपला अडकवून स्टेशनजवळच्या दुकानात गेले. यूनबाई कुणाच्या तरी पँटला टाचण्या लावत होत्या.

"मला माहीत नव्हतं," मी म्हटलं.

"माहीत नव्हतं, म्हणून राग नाही," त्या म्हणाल्या. टाचण्या तोंडात धरून बोलल्यामुळे असेल, पण राग नसलेला आवाज तो नव्हता.

"न्यू मॉल्डनला तुमच्या लोकांची दुकानं आहेत. तिथे मिळेल?"

"मिळेल. पण रविवारशिवाय मला सुट्टी नाही. बाळ रविवारची वाट बघेल का?"

"मी आणते."

त्यांनी टाचण्या तोंडातून काढल्या आणि माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. "दुमडायचं नाही."

"नाही."

"जमिनीवर ठेवायचं नाही. कुणी ओलांडता कामा नये."

"नाही."

"भाव नाही."

"अहो, मी काय इतकी..."

"भाव नाही," त्या पुन्हा म्हणाल्या. एकदा वेम्बलीला ईलिंग रोडवरच्या आपल्या लोकांच्या बाजारात त्या माझ्याबरोबर भाजी आणायला आल्या होत्या.

दुसऱ्याच दिवशी वैभवीला शाळेत सोडून मी निघाले. तोपर्यंत मी एकटी ट्रेनने कुठे गेले नव्हते. उदयनी क्लॅपम जंक्शनला गाडी बदलायची तीनदा समजावलं, तरी मी तिथे दोन प्लॅटफॉर्म चुकले. न्यू मॉल्डनला पाट्या कोरियन. दुकानात काउंटरमागे यूनबाईंच्याच वयाची बाई, तसंच फुलाफुलांचं जाकीट. भिंतीवर उंच, माणसाच्या डोक्याच्या वर, रिबिनी बांधलेल्या जुड्या टांगलेल्या. मी बोट दाखवलं.

"बाळासाठी?" तिने विचारलं.

"हो."

तिने दोन्ही हातांनी जुडी काढली, कागदात गुंडाळली, किंमत सांगितली. आणि माझं तोंड उघडलं. मी उघडलं नाही, देवाशपथ, ते आपणहून उघडलं.

"काही कमी?"

बाईचे हात थांबले. तिने जुडी अगदी हळू आपल्या बाजूला ओढून घेतली.

"नाही, नाही," मी म्हटलं. "कमी नको. मी जास्त देते."

"जास्त नको. आहे ती किंमत."

"थोडे तरी घ्या. म्हणजे मघाचं कमी म्हटलेलं भरून निघेल."

"जास्त घेतलं तर तोही भावच झाला," ती म्हणाली.

हा उलटा भाव किती वेळ चालला कुणास ठाऊक. माझ्यामागे रांग लागली. शेवटी तिने तिच्या किमतीला जुडी दिली आणि माझ्या हातातल्या वरच्या पैशांसाठी काउंटरवरच्या चर्चच्या डब्याकडे बोट दाखवलं. मी टाकले. मनात गणपतीला म्हटलं, तुमचं तुम्ही आपसांत बघून घ्या.

येताना जुडी दोन्ही हातांत उभी धरली होती. गौरी घरात आणताना चालतो तशी मी क्लॅपम जंक्शनच्या जिन्यांवरून चालले, इकडेतिकडे न बघता. फरक इतकाच की गौरी आणताना लोक बाजूला होतात. गाडीत बसायला जागा होती, पण बसले की जुडी समोरच्याच्या नाकाशी यायची, म्हणून उभी राहिले. टॉयलेटलाही गेले नाही, जुडी ठेवणार कुठे? शेजारच्या सुटातल्या गृहस्थाने बराच वेळ पाहून विचारलं, "वाद्य आहे का?"

"नो," मी म्हटलं. "सूप."

त्यानंतर त्याने रीडिंगपर्यंत काही विचारलं नाही.

यूनबाई त्या दिवशी लवकर घरी आलेल्या. त्यांनी दारातच जुडी दोन्ही हातांवर घेतली, कागद सोडला, वरून खालपर्यंत बोट फिरवलं. अखंड होती. मग त्यांनी मान वर केली.

"भाव केलास?"

खोटं बोलायचं म्हणजे इंग्रजी नीट यावं लागतं. मी सगळं सांगितलं, चर्चच्या डब्यापर्यंत.

यूनबाईंनी विचार केला. आतून जियॉन ओरडली, "ऑम्मा, नशीब समज, आंटींनी ते फुकट नाही मागितलं."

"पैसे कमी झाले नाहीत ना?" यूनबाई म्हणाल्या.

"नाही."

"मग भाव झाला नाही. नुसतं तोंड झालं." आणि जुडी घेऊन आत गेल्या. कपाटावर, सगळ्यात उंच जागी ठेवण्यासाठी त्या खुर्चीवर चढल्याचा आवाज मला भिंतीतून आला.

रविवारच्या आतच जियॉनला मुलगी झाली. अडली नाही. मी देवापुढे साखर ठेवली, यावेळी जरा जास्तच.

इथली हॉस्पिटलं बाळंतिणीला लगेच घरी पाठवतात. यूनबाईंनी कामावरून रजा घेतली आणि भिंतीपलीकडून दिवसभर सूपचा वास यायला लागला. तीन आठवडे बाहेरच्या माणसाने त्या घरात जायचं नाही, असा त्यांचा नियम. मला तो लगेच पटला, आमच्यातही सोयर असतं. त्यामुळे बातम्या मला वरच्या खिडकीतून जियॉनकडून मिळायच्या.

"आंटी, आज पाचवी वाटी."

"खाल्लीस?"

"खाल्ली. न खाऊन सांगतेय कुणाला? टोस्ट मागितला तर ऑम्माने टोस्टर लपवून ठेवलाय." मग जरा थांबून, "पण चांगलं लागतंय हं. तिला सांगू नका."

मी अर्थातच लगेच सांगितलं. यूनबाईंनी दोरीवर लंगोट जरा जोरात झटकले.

मग एका दुपारी मी मागच्या अंगणातून पाहिलं. यूनबाई स्वयंपाकघराच्या खिडकीत उभ्या होत्या, ओट्याला टेकून, आणि ब्रेडची कोरडी स्लाइस खात होत्या. टोस्टर लपवलेला, त्यामुळे नुसतीच. एका हाताने खाणं, दुसऱ्या हाताने गॅसवरचं पातेलं ढवळणं. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी कुंपणावरून विचारलं, "तुम्ही सूप का घेत नाही?"

"ते तिचं आहे. अखंडातलं तिचंच."

"मग दुसरं करा स्वतःला."

"वेळ कुठे आहे, वैभवी-ऑम्मा." आणि आत बाळ रडलं म्हणून त्या गेल्या.

मी घरात आले. फडताळात चार डबे रांगेने उभे होते, माझ्याच अक्षरात त्यांचं नाव घेऊन. मोडकं बाळंतिणीला चालत नव्हतं. पण ही बाई काही आता बाळंतीण नव्हती. सत्तावीस वर्षांपूर्वी होती, आणि तेव्हाही ब्रेडच खात होती.

मी पोह्यांचा हिशोब लावला. आम्ही तिघं आणि यूनबाई, चार माणसं, म्हणजे एक डबा. मोठ्या पातेल्यात डबाभर शेवाळ घातलं, पाणी ओतलं, झाकण ठेवलं आणि आंघोळीला गेले. परत आले तर झाकण पातेल्याच्या वर तरंगत होतं आणि शेवाळ कडांवरून खाली उतरत होतं. अर्धं कुकरमध्ये काढलं. कुकर भरला. मग परात, मग बादली. ते फुगतच होतं. शाळेतून आलेली वैभवी दारातच थांबली.

"आई, ते जिवंत आहे."

"दप्तर ठेव आणि बाबांची बादली आण," मी म्हटलं.

त्यातलं ओंजळभर घेऊन तिळाच्या तेलात परतलं, सोयासॉस घातला, पाणी घातलं. लसूण घातला नाही, कारण ते मी आधी देव्हाऱ्यापुढे ठेवणार होते, सटवाईच्या नावाने. तिच्या वाटणीचं जेवण राहिलंय, हे मला त्या दिवसापासून टोचत होतं. नैवेद्याची चव घेत नाहीत, म्हणून चवही घेतली नाही. मीठ अंदाजाने. अंदाज चार माणसांच्या आमटीचा. शेवाळ मुळात समुद्रातलं असतं, हे मला त्या क्षणी सुचलं नाही.

नैवेद्य दाखवून ताट घेऊन कुंपणाशी गेले. बाहेरच्याने घरात जायचं नव्हतं, पण अंगणाबद्दल नियम ऐकला नव्हता. यूनबाईंना मी बाकावर बसवलं आणि ताट त्यांच्या मांडीवर ठेवलं.

त्यांनी ताटाकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"वैभवी-ऑम्मा," त्या म्हणाल्या, "मी अजून मेले नाही."

भात उजवीकडे होता, सूप डावीकडे. वैभवीला मी डोळे मोठे करून दाखवले होते, ते आठवलं. त्यांनी वाट्या आपल्या हाताने फिरवल्या आणि चमचा उचलला.

"लसूण?"

"नाही. आधी देवाला ठेवलं."

"चव घेतलीस?"

"नैवेद्याची घेत नाहीत."

चमचा तसाच थांबला. "आजीच्या वाटीचंही असंच," त्या म्हणाल्या. "लसूण नाही. चव नाही. तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही."

त्यांनी पहिला घोट घेतला. डोळे मिटले. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील.

"मीठ," त्या म्हणाल्या.

"कमी झालं?"

"समुद्र."

तरी त्या खात राहिल्या. एक घास भात, एक चमचा सूप. मी पदराशी खेळत उभी. मोडकेतोडके तुकडे वाटीत तरंगत होते, एकही सरळ नव्हता. मध्येच वरून बाळाचं रडू आलं. यूनबाई अर्ध्या उठल्या, ताट कलंडणार होतं ते मी धरलं.

वरची खिडकी उघडली. "ऑम्मा, घेतलंय मी तिला," जियॉन म्हणाली. "तू खा."

यूनबाई वर बघत राहिल्या. खिडकी बंद झाली. मग त्या खाली बसल्या, नीट, पाठ बाकाला टेकवून. इतक्या दिवसांत त्यांना बसून जेवताना मी पाहिलं नव्हतं.

वाटी रिकामी झाल्यावर त्यांनी ती दोन्ही हातांत धरून माझ्यापुढे केली.

"अजून आहे?"

"आहे," मी म्हटलं. "दोन बादल्या आहे."